आतून तपासणी

३ मार्च
दादाचं ऑपरेशन नीट झालं. आतड्यात कॅन्सरची गाठ होती, पसरायच्या आत सापडली. सर्जन मला बाजूला घेऊन म्हणाले, सख्खा भाऊ म्हणजे तुम्हालाही धोका, पन्नाशी उलटलीय, कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची आतून तपासणी, करून घ्या. मी सांगितलं, मी कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. धोका आधीच हेरणं हे माझं रोजचं काम. उद्या सकाळी पहिला फोन हॉस्पिटलला.

४ मार्च
फोन राहिला. विचार केला, नुसती तपासणी करून काय होणार? मुळावरच घाव घालायचा. मोबाइलवर एक अ‍ॅप घेतलं. वजन, व्यायाम, सिगारेट, दारू, सगळं रोज भरायचं. मग ते धोका रंगात दाखवतं.
माझा लाल आला. उंची थोडी वाढवून भरली. बूट धरून. माणूस दिवसभर बुटातच असतो. आता नारिंगी. सुरुवात चांगली आहे.

९ मार्च
सिगारेट बंद. घरात.

१५ मार्च
पोटाचा घेर मोजला. टेप आखडलेली दिसते.

२२ मार्च, रविवार
जेवताना बायकोला आणि लेकीला तपासणीचं महत्त्व समजावलं. बायकांनी दुखणं अंगावर काढू नये, वेळच्या वेळी मॅमोग्राफी करून घ्यावी, वगैरे. मुद्देसूद बोललो. ही म्हणाली, गेल्याच आठवड्यात केली, रिपोर्ट चांगला आहे, तुम्हीच तर सोडायला आला होतात.
मला वाटलं, पडद्यांचं कापड बघायला चाललीय. मी खाली गाडीत सिगारेट ओढत बसलो होतो. लेकीने ताटात बघत हसू दाबलं.

४ एप्रिल
दादाचा फोन. तपासणीची तारीख घेतलीस का, म्हणाला. मी म्हटलं, कारखान्यात ऑडिट चालू आहे, मान वर करायला फुरसत नाही. तो म्हणाला, मीही दोन वर्षं असंच काहीतरी सांगत होतो.
नंतर जेवण गेलं नाही. ऑडिट खरंच आहे. पुढच्या महिन्यात.

६ एप्रिल
हिने परस्पर तारीख घेतली. मी घेणारच होतो.

१२ एप्रिल
उद्या तपासणी. पोट रिकामं हवं म्हणून आज फक्त पातळ पदार्थ, आणि पोट साफ करायचं मोठा जग भरून औषधाचं पाणी. चव विचारू नये. बाथरूममध्येच मुक्काम.
संध्याकाळी ही शेजारी गेली तेव्हा उकडलेलं कणीस खाल्लं. मक्यात चोथा असतो, आतड्याला चांगला. अ‍ॅपच म्हणतं.

१३ एप्रिल
गुंगी उतरल्यावर डॉक्टर आले. म्हणाले, एक पॉलिप दिसला, म्हणजे वाटाण्याएवढी गाठ. काढून टाकली. तशीच राहिली असती तर पुढे तिचा कॅन्सर होऊ शकला असता. पुढचं आतडं मात्र नीट बघता आलं नाही, म्हणाले. का ते त्यांनी हिला स्क्रीनवर दाखवलं. दाणे. अख्खे.
गाडीत बसताच हिने दादाला फोन लावला.
पुढच्या सोमवारी पुन्हा सगळं. आदल्या दिवशी दादा राहायला येतोय. त्याला अजून नीट वाकता येत नाही, तरी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसणार आहे म्हणे. मी हिला विचारलं, माझ्यावर एवढाही विश्वास नाही का?
नाही, म्हणाली.