अकरा कलमांना एकमुखी होकार

तीर्थस्वरूप भाई यांच्या सेवेशी,

परशुरामाचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सर्व रवळनाथाच्या कृपेने उभे आहोत, बसताना-उठताना तेवढा त्रास होतो. तुमच्या गुडघ्याचे काय झाले ते सविस्तर कळवावे. गेल्या वेळी तुम्ही फोनवर नुसते "बरा आहे" म्हणालात, पण फोनवर गुडघा दिसत नाही. वहिनींना नमस्कार, सर्वेशला आशीर्वाद, आणि तुमच्या सूनबाई चि. सौ. समीक्षा हिला विशेष आशीर्वाद, कारण पुढचे बहुतेक पत्र तिच्याविषयी आहे. (तक्रार नाही. बावीस वर्षे वाडीचे पोस्ट सांभाळलेला माणूस दुसऱ्याच्या सुनेविषयी लेखी तक्रार करीत नाही. लेखी काय असते ते त्याला ठाऊक असते.)

समीक्षाच्या कंपनीला आपल्या वाडीतल्या जेट्टीचे काम मिळाले, हे तुम्ही मला कळवण्याआधीच मुलुंडच्या सगळ्या नातेवाइकांनी कळवले होते. पण ते काम कसे मिळाले हे तिने स्वतः आमच्या पडवीत बसून सांगितले. सरकार म्हणे हल्ली नुसता स्वस्त भाव बघत नाही. शंभरातले दहा गुण 'सामाजिक मूल्या'चे असतात. मोठ्या शहरातली कंपनी आपल्यासारख्या मागे पडलेल्या भागात आली, तर तिच्या येण्याने त्या भागाचे काय भले होणार, किती माणसांना काम मिळणार, माल कोणाकडून घेणार, हे तिने आधी लिहून द्यायचे. समीक्षा हे इतक्या तळमळीने सांगत होती की आपण मागे पडलेलो आहोत याचे मला प्रथमच बरे वाटले. मुलगी मनाने चांगली आहे. फणसाची भाजी दोनदा मागून घेतली, आणि आमची किशोरी स्वयंपाकघरात काय करते ते उठून बघून आली.

किशोरीचे तुम्हाला माहीत आहे. चार वर्षे गोव्यात हॉटेलच्या भटारखान्यात काढून माझी ही लेक दोन वर्षांपूर्वी परत आली आणि वाडीतल्या आठ बायकांना घेऊन तिने खानावळ काढली. शाळेचे कार्यक्रम, लग्न, कुणकेश्वरच्या जत्रेला जाणारी माणसे, एवढ्यावर चालते, म्हणजे आठवड्यातून दोन दिवस चालते. जेट्टीवर ऐंशी माणसे दोन वर्षे जेवणार म्हटल्यावर तिने शंभर माणसांचा टोप आणला आणि त्याच्याकडे बघत बसली. ते काम मिळाले तर खानावळ टिकणार, नाही मिळाले तर बंद करून मुंबई गाठणार, असे तिने साफ सांगितले. मला व्यक्तिशः यात काही घ्यायचे-द्यायचे नाही. आपल्या घरातली माणसे मुंबईला जातच आली आहेत, तुम्हीही गेलात.

तर लोकांचे म्हणणे ऐकून घेण्यासाठी समीक्षाने सभा बोलावली. पंचायतीच्या कचेरीचे छप्पर उतरवलेले असल्यामुळे ती रवळनाथाच्या देवळात घ्यावी लागली, आणि पुढचे सगळे तिथूनच झाले. देवळात काही सुरू करायचे तर आधी गाऱ्हाणे घालायला हवे. ते घालायचा मान खरे तर आपल्या थोरल्या घराचा, म्हणजे तुमचा, पण तुम्ही मुलुंडला असल्याने तो माझ्याकडे आला आहे. मी उभा राहिलो आणि म्हटले, "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां हयसर जमली आसत, त्यांच्या कामाक यश दी रे म्हाराजा." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मग जेट्टीसाठी, कामगारांच्या हातापायांसाठी, आणि पाहुणीला घाटात गाडी लागू नये म्हणून, असे रीतीप्रमाणे मागणे झाले. प्रत्येक मागण्याला मी दम घ्यायला थांबलो आणि वाडीने व्हय म्हटले.

मी बसलो आणि समीक्षा उभी राहिली. तिच्या हातात अकरा कलमांचा कागद होता. तिने पहिले कलम वाचले, 'वाडीतील मच्छीमारांना पोहण्याचे व जलसुरक्षेचे प्रशिक्षण देण्यात यावे,' आणि काही हरकत आहे का ते बघायला थांबली. आता भाई, देवळात उभे राहून कोणी एक वाक्य म्हटले आणि थांबले, तर आपल्या माणसांच्या तोंडून काय बाहेर पडते? कोणीतरी एकाने सुरुवात केली आणि सगळे देऊळ म्हणाले, "व्हय म्हाराजा." पोरगी नागपूरची. तिला वाटले, इथली मतदानाची पद्धतच ही. तिचे डोळे भरून आले. तिने दुसरे कलम आणखी उंच आवाजात वाचले, त्यामुळे होकारही आणखी उंच आला. कलम चौथे असे होते की कामगारांचे जेवण कंपनीच्या नेहमीच्या, घाटावरच्या ठेकेदाराकडून यावे. त्यालाही व्हय झाले. किशोरी बायकांच्या रांगेत पहिली होती आणि तिचा आवाज सर्वांत खणखणीत होता. अकरा कलमे सात मिनिटांत मंजूर झाली. विरोध शून्य, असे समीक्षाने लिहून घेतले.

बाहेर चहा पिताना माडांची रोपे विकणाऱ्या जयरामाने मला विचारले, "परशुरामानू, त्या बायन गाऱ्हाणा कित्याक इतक्या लांबवल्यान?" तेव्हा मला कळले की सभा झाली हे समीक्षाखेरीज कोणालाच कळलेले नाही. मी ते सांगितल्यावर जयराम म्हणाला, "देवळात व्हय म्हटला, आता नाय कसा म्हणतला?" झाले. समीक्षाकडे मंजुरीचा कागद आणि आमच्याकडे देवाला दिलेला शब्द. दोन्ही बाजू पक्क्या.

त्यानंतर आमचे भले सुरू झाले. प्रथम पोहायला शिकवणारे सर आले. ते पुण्याचे, तलावात पदके मिळवलेले, स्वभावाने गरीब. त्यांनी चाळीस मच्छीमारांना कंबरभर पाण्यात रांगेत उभे केले आणि श्वास कसा धरावा ते दाखवायला स्वतः पुढे गेले. तिथे पाण्याला आत खेचणारी ओढ आहे हे सगळ्यांना ठाऊक होते, पण शिकवणाऱ्याला मध्येच थांबवणे बरे दिसत नाही. निलेशने त्यांना पाऊण फर्लांगावरून उचलून आणले. (निलेश रापणीचे जाळे ओढणारा, आपल्या सुगंधाचा मुलगा. लहानपणी तुमच्या छत्रीतून मासे पकडायचा तोच.) समारोपाला सरांनी निलेशला पाण्यात उभे राहता येत असल्याचे प्रमाणपत्र दिले. ते सुगंधाने देव्हाऱ्याजवळ लावले आहे.

मग कलम दुसरे, म्हणजे माडाची तीनशे रोपे. आपल्याकडे माड नाहीत असे कोणी कंपनीला सांगितले ते माहीत नाही. रोपे पुण्याहून ट्रकने आली, प्रत्येकाच्या गळ्यात कंपनीच्या नावाची पाटी. जयराम 'लाभार्थी' म्हणून सर्वांत पुढे उभा होता. त्याने रोप हातात घेतले, बुंध्याला बांधलेला सुंभ उलटसुलट करून पाहिला, आणि खाली ठेवले. गाठ त्याचीच होती. दोन महिन्यांपूर्वी कुडाळच्या बाजारात एका व्यापाऱ्याला त्याने ही रोपे विकली होती, ती घाट चढून गेली आणि पाटी घालून उतरली. सध्या तो स्वतःच्याच रोपांना पाणी घालतो आणि महिन्याला त्यांच्यासह फोटो पाठवतो. मी त्याला म्हटले, कंपनीने सरळ तुझ्याकडून घेतली असती तर? तो म्हणाला, "मगे त्येंका माका देऊक काय रवला असता?"

आता कलम चौथे. घाटावरून रोज सकाळी टेम्पो निघतो आणि दुपारी अडीचला भात पोहोचतो. भात तोवर असा झालेला असतो की गवंडी त्याच्याकडे आदराने बघतात. टेम्पोवर 'अस्सल मालवणी थाळी' असे लिहिले आहे. कामगार तो डबा मुकाट्याने घेतात, कुत्र्यांना घालतात, आणि मागच्या वाटेने किशोरीकडे येऊन खिशातून पैसे देऊन जेवतात. सगळे येत नाहीत, वीसपंचवीस येतात. तेवढ्यावर आठ बायकांचे भागत नाही, दोघी आधीच काजूच्या कारखान्यात गेल्या. कंपनीच्या अहवालात मात्र लिहिले आहे की स्थानिकांनी या व्यवस्थेस एकमुखाने संमती दिली. यात खोटे काही नाही. आम्हाला कंपनीने काही द्यावे असे नव्हतेच, आमच्याकडून घ्यावे एवढेच हवे होते, पण तसे कलम कागदावर नव्हते आणि नसलेल्या कलमाला व्हय म्हणता येत नाही.

बाकी सर्व ठीक. गुडघ्याला एरंडाचे तेल लावून बघावे. मोठ्यांना नमस्कार, लहान जे कोणी उरले असतील त्यांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
परशुराम

ता. क. वर 'कोणीतरी एकाने सुरुवात केली' असे लिहिले आहे. तो मी. नुकताच बसलो होतो, तोंडाला सवय लागलेली होती. चौथ्या कलमालाही पहिला आवाज माझा होता, किशोरीने बापाच्या आवाजात आवाज मिळवला. हे तिने मला एकदाही बोलून दाखवले नाही, त्यामुळे जेवताना फार जड जाते.

ता. क. दुसरा. जयराम म्हणतो तसे देवळात दिलेला शब्द मोडत नाही, पण मी गुरवाला विचारले, तो म्हणाला, दुसरे गाऱ्हाणे घालून बदलून घेता येतो. तेव्हा समीक्षाला एवढेच सांगावे की एक दिवस यावे, चौथे कलम पुन्हा वाचावे आणि 'घाटावरच्या' ऐवजी 'वाडीतल्या' म्हणावे. होकाराची जबाबदारी माझी. तिला हे पटणार नसेल तर शाळेत सभा घ्यावी, हात वर करायला सांगावे, आणि मला बोलावू नये.

ता. क. तिसरा. हे पत्र लिहायचे खरे कारण. किशोरीसाठी मुंबईत एखादी नोकरी बघा, असे मी गेल्या महिन्यात तुम्हाला फोनवर म्हटले होते. ते तिच्या सांगण्यावरून, ती शेजारी उभी होती म्हणून. तुमचा शब्द सगळीकडे चालतो हे मला ठाऊक आहे, या एका वेळी तो चालवू नये. नोकरी मिळालीच असेल तर तिला कळवू नये, मला कळवावे, आणि मी ते विसरेन. ती गेली तर मला या घरात राहवणार नाही, भाई. तिने बॅग माळ्यावरून खाली काढली आहे. अजून भरलेली नाही.