जोडावरचा दोरा

रविवार, संध्याकाळ. डोंगरकडा.

साडूची, दिनकरची, इतकी चीड आलीय की जेवण गेलं नाही. माझा तीन तुकड्यांचा गळाचा रॉड त्यानं मागून नेला होता. जोड ढिला वाटला म्हणून त्यात गोंद ओतला! आणि जोडाच्या तोंडावर मी घट्ट गुंडाळलेला दोरा? जुनाट दिसतो म्हणून कापून टाकला. अरे, त्या दोऱ्यामुळंच तोंड फाटत नव्हतं. ढिला होता तर आतली माती पुसायची, जरा मेण चोळायचं. एवढीही अक्कल नसावी?

आज त्यानं रॉड परत आणला, तसाच घेऊन दोघं धरणावर गेलो. माझ्या गळाला मोठा रोहू लागला. रॉड वाकला आणि दोरा होता नेमका तिथंच उभा फाटला. मासा गेला.

"माल हलका हाय तुमचा, साडूभाऊ," दिनकर म्हणाला. वर दात काढून राहिला होता.

घरी बायको म्हणते, "जाऊ द्या, माझ्या बहिणीचा नवरा हाय."

मूर्ख माणूस. पण मी तरी कुठला शहाणा? धरणावरून तो आमच्या घरी आला, निघताना त्यानं माझा दुसरा रॉड मागितला. मी मुकाट्यानं आणून दिला, वर चहा घेऊन जा म्हणालो. काहून?