रुमालाखाली दिलेला हात

मुक्काम लातूर, फाल्गुन वद्य सप्तमी

तीर्थरूप मार्तंडमामा यांच्या पायी भाचा रेणुकादास याचा लातुराहून दंडवत. इकडे मी खुशाल आहे (खुशाल म्हणजे दोन वेळा जेवतो, बाकीचं पुढे येईलच). तुमचा गुडघा उदगीरच्या उन्हाने मोकळा झाला असेल अशी आशा करतो. मामींचं कोपर अजून दुखतं का? आणि दुखत असूनही दुकानातल्या प्रत्येक पोत्यावर निळीने बेलाचं पान त्या स्वतःच काढतात का? त्यातलं तिसरं दल नेहमी डावीकडे कलतं, हे मी लहानपणापासून पाहत आलो. पण त्यांना सांगू नका, उगाच मनाला लावून घेतील.

तुमची अट मी विसरलेलो नाही. पाडव्यापर्यंत लातूरच्या एखाद्या पेढीवर जागा मिळाली नाही, तर मुकाट्याने उदगीरला येऊन तुमच्या गादीवर बसायचं. जन्मभर करडईची धूळ खायची माझी तयारी नाही. तर कळवायला आनंद वाटतो, की मी आमच्या शाळेच्या गुणवंत वाणिज्य मंडळाचा सभासद झालो. मंडळ उद्धव मास्तरांनी काढलं. (ते हैदराबादला राहून आले आहेत, त्यामुळे त्यांना सगळं माहीत असतं, आणि त्यांना जे माहीत नसतं ते हैदराबादेतही नसतं.) हिशेबात पहिले आलेल्यांनाच आत घेतात. प्रत्येकाला पितळी बिल्ला मिळतो, त्यावर तराजू कोरलेला आहे. मास्तरांचं म्हणणं असं, की ज्याच्या छातीवर हा बिल्ला त्याला पेढीवर कोण रे तू असं कोणी विचारत नाही, या बसा म्हणतात. बड्या शेटजींच्या ओळखी होतात, शिफारस मिळते, आणि माणूस मुनीम न होता एकदम मॅनेजरच होतो.

शिवाय मंडळात हात मिळवायला शिकवतात. नमस्कार करणाऱ्याला लोक कारकून समजतात आणि हात देणाऱ्याला साहेब, असं मास्तर सांगतात. पाची बोटं पुरी द्यायची, घट्ट दाबायची, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं आणि हात खालीवर हलवायचा. शाळा सुटल्यावर आम्ही रोज एकमेकांचे हात पिळायचो. सिद्धराम नावाच्या सभासदाचं मनगट सुजलं, तेव्हा त्याची कदर म्हणून त्याला चिटणीस केलं.

परवा मी बिल्ला चिंचेने घासला, मास्तरांची शेरवानी मागून आणली (ती मला पोटऱ्यांपर्यंत येते, त्यामुळे उलट भारदस्तपणाच आला) आणि थेट इथल्या धान्यबाजारात, गंजात, चन्नबसप्पा शेटजींच्या अडतीवर गेलो. शेटजी करडईच्या थप्पीपुढे बसले होते. उजव्या हातावर रुमाल टाकलेला, आणि एकेक बडी असामी पुढे येऊन त्या रुमालाखाली त्यांचा हात धरत होती. मला भरून आलं. मास्तर किती खरं बोलले! इथे हात मिळवायला रांग लागलेली, आणि अदब एवढी की वरून रुमाल! पाळी येताच मी हात आत सारला, पाची बोटं दिली, दाबली, डोळ्यांत पाहिलं आणि हलवायला लागलो. शेटजींचे डोळे मोठे झाले. मला वाटलं, छाप पडली, म्हणून आणखी हलवला.

मामा, तुम्हाला आत्ताच हसू फुटलं असेल, कारण बाजारात तुमचे केस पिकले. मालाचा भाव तोंडाने न बोलता रुमालाखाली बोटांनी करतात, हे मला कोण सांगणार? (तुम्ही सोबत चल म्हणायचात तेव्हा माझं नेमकं डोकं दुखायचं.) बाकीचे दोन-तीन बोटं धरून बाजूला होत होते, आणि मी पुरा पंजा देऊन दर हिसक्याला भाव चढवत होतो. शेटजींनी रुमाल झटकला आणि ओरडले, “सौदा झाला! माल या शेरवानीवाल्याचा!” मी नोकरीसाठी आलोय असं सांगितलं, तर म्हणाले, “नोकरी न्हाई बाबा, करडई हाय. गंजात हात दिला की दिला. मागं घेणाऱ्याला पुन्हा कुणी हात देत न्हाई.” मी बिल्ला दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि तराजूला वजनं का नाहीत म्हणून विचारलं.

एकंदरीत लातुरात माझं नाव झालं आहे. हमालसुद्धा लांबूनच मला पंजा दाखवतात. काळजी नसावी.

तुमचा आज्ञाधारक भाचा
रेणुकादास

ता. क. – मामींना पत्र इथपर्यंतच वाचून दाखवावं.

आणखी ता. क. – ती थप्पी उचलायला बैलगाड्या पाठवाल का? शेटजी पाडव्यापर्यंत थांबतो म्हणाले, तेही मी तुमचं नाव सांगितल्यावर. नाव ऐकून ते इतके हसले की तोच रुमाल तोंडात कोंबावा लागला. का हसले ते तेव्हा कळलं नाही.

शेवटचा ता. क. – आज कळलं. माल बघायला गेलो, तर प्रत्येक पोत्यावर निळं बेलपान, तिसरं दल डावीकडे कललेलं. तुम्हीच शेटजींकडे विकायला पाठवलेली करडई मी घेऊन बसलो, मामा! तुमच्या मालाला गंजात आजवर कोणी दिला नसेल असा भाव तुमच्या भाच्याने दिला. मंडळात शिरलं की घराण्याची भरभराट होते, असं मास्तर म्हणायचेच. पण खरं सांगतो, ते वाकडं दल पाहिलं आणि मला भर गंजात रडू आलं. गाड्या परत निघतील तेव्हा पोत्यांवर माझ्यापुरती जागा ठेवायला सांगा. आणि गादीवरही.