रेवाचं फाउंडेशनचं वर्ष

अबकैक, १८ मे २०२५

ती. अनुताईस,
शि. सा. न. वि. वि.

ईमेलनेच पत्र लिहितोय, कारण फोनवर बोलायची सोय उरलेली नाही. इथे आखातात कंपनीने दिलेल्या या घराच्या भिंती पातळ आणि लेकीचे कान तिखट. मराठी वाचायचा मात्र तिला कंटाळा, म्हणून इथे निर्धास्त आहे.

रेवाला बारावी कॉमर्सला एक्क्याण्णव टक्के मिळाले, तरी घरात सगळ्यांची तोंडं तीन दिशांना आहेत. दोन वर्षं अकाउंट्स घोकून आता बाईसाहेबांना भूशास्त्र शिकायचं आहे! इथल्या वाळूत गुलाबाच्या पाकळ्यांसारखे दगड सापडतात, ते गोळा करायचा तिला नाद. तेवढीच काय ती तयारी. ज्यांचं सायन्स झालेलं नाही त्यांच्यासाठी इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाचा वर्षाचा फाउंडेशन कोर्स आहे. तो पार पडला की पदवीच्या पहिल्या वर्षाला घेतात. म्हणजे बरोबरीच्या मुली दुसऱ्या वर्षाला जातील तेव्हा ही पहिल्या वर्षाला बसणार. नूपुर आईच्या मायेने म्हणते, जाऊ दे तिला. मला ते वर्ष वाया घालवल्यासारखं वाटतं.

तू तीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलंस. रेवा माझं ऐकत नाही, पण आत्याचा शब्द खाली पडू देणार नाही. तेव्हा असल्या कोर्सात काही अर्थ नसतो, मुकाट्याने सीएची तयारी कर, एवढं तिला समजावून सांग. वीस जूनपर्यंत होकार कळवायचा आहे.

लोभाची सवय तूच लावलीस, ती मोडू नकोस.

तुझा,
हरिहर

नाशिक, २१ मे २०२५

चि. हरिहर यास,
अ. उ. आ.

निकाल तुझ्याआधी रेवानेच कळवला. इथे पेढे वाटून झाले, चार मीच खाल्ले. डॉक्टरांना सांगू नकोस.

आता तुझ्या कामाचं. तू माझं मत मागितलेलंच नाहीस, साक्ष मागितली आहेस. मी मत देते. सायन्स होऊनही केवळ परदेशाच्या हौसेपायी कुणी असं वर्ष घेतलं, तर ते फुकट जातं. ज्याला तो विषय कधी मिळालाच नाही, त्याला मात्र दुसरं दार नसतं. गणिताशिवाय माझ्या वर्गात येऊन बसलेली मुलं मी पाहिली आहेत. दिवाळीपर्यंत रडायची आणि पुष्कळशी परीक्षेपर्यंत उभी राहायची. सगळी नाही. म्हणून विद्यापीठाला विचारा: पहिल्या वर्षाची जागा लेखी पक्की आहे का? त्यासाठी मार्क किती लागतात? प्रयोग हाताने करायला मिळतात की पडद्यावर बघायचे? गणित किती?

आणि एक. दहावीला विज्ञानात पंच्याण्णव मिळवणाऱ्या मुलीला शाळेत सायन्सची जागा मिळाली नाही, हे तू सांगितलंस तेव्हाही माझ्या घशाखाली उतरलं नव्हतं. खरं काय ते लिही.

नूपुरला आशीर्वाद. रागावले तरी माया पातळ झालेली नाही.

अनुताई

अबकैक, २५ मे २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जागा भरलेल्या नव्हत्या.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आमच्या कंपनीचं कंत्राट अडकलं होतं. कंत्राट गेलं की इकामा गेला, म्हणजे इथे राहायचा परवानाच गेला. त्याआधीच्या दिवाळीतच आमच्या प्लांटमधले रत्नागिरीचे मोहियुद्दीनभाई बायकामुलांसकट परत गेले. त्यांच्या तल्हाची अकरावी सायन्स अर्धी झालेली. तिकडे एकाही कॉलेजने त्याला मध्येच घेतलं नाही. मी धसका घेतला. वाटलं, कॉमर्सला कुठेही, केव्हाही घेतील. ताई, इथे आम्ही फ्रीजसुद्धा इकामाची तारीख बघून घेतो. रेवाचे विषयही तसेच घेतले. फॉर्मवर कॉमर्स लिहिलं आणि तिला सांगितलं की सायन्सला जागा नाहीत.

दोन महिन्यांनी कंत्राट वाढलं. तेव्हा शाळेत जाऊन बदलता आलं असतं. पण मग खोटं बोललो हे कबूल करावं लागलं असतं. गप्प बसलो. नूपुरलाही माहीत नाही. रेवा त्या कोर्सला गेली, तर तो का करावा लागला हा प्रश्न घरात कायमचा येऊन बसेल. त्यालाच मी भितोय.

तुला तोंड दाखवायची लाज वाटते. तरी मला टाकू नकोस.

हरिहर

नाशिक, २८ मे २०२५

चि. हरिहर,
आशीर्वाद नेहमीचेच, पण आज हात जड आहे.

तुझ्या भीतीला मी नावं ठेवत नाही. परक्या मुलखात संसार मांडून बसलेल्या माणसाची ती भीती आहे, मला इथे पंख्याखाली बसून ती काय कळणार? पण भीती दोन महिन्यांची होती आणि खोटं दोन वर्षं चाललं. आता वर्ष वाया जातं म्हणून कोर्सला दोष देतोस. चोर सोडून संन्याशाला फाशी!

मी रेवाला खोटं सांगणार नाही आणि खरं सांगणंही माझं काम नाही. ईदची सुट्टी येते आहे. तू सांग. माझे चार प्रश्नही तिच्याच हातात दे, विचारायचे ते तीच विचारील.

धीर धर. मी आहे.

ताई

अबकैक, १९ जून २०२५

प्रिय आत्यास,
सा. न. (आईने सांगितलं की असंच लिहायचं.)

मराठीत पहिल्यांदाच एवढं टाइप करतेय. चुका मोजू नकोस.

बाबांनी ईदच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं. आम्ही जवळच्या खोबर शहरात चाललो होतो. गाडी चालवताना माझ्याकडे बघावं लागत नाही, म्हणून तेव्हा सांगितलं असेल. आईने गाडी बाजूला घ्यायला लावली आणि त्या उन्हात खाली उतरून उभी राहिली. नंतर चार दिवस आमच्याकडे फक्त जेवायला हाक मारण्यापुरतं बोलणं होतं.

आत्या, मला कॉमर्सचा राग नाही आला. जागा नाही म्हटल्यावर तेव्हा मला वाटलं होतं की मीच कमी पडले, आणि मला वाईट वाटू नये म्हणून बाबा ते लपवतायत. म्हणून मी कधी विचारलंच नाही. दोन वर्षं सगळ्यांना सांगत राहिले की सायन्स मला बोअर होतं. मी स्वतःला ढ समजत होते. ते आता एकदम कसं बंद करायचं, मला कळत नाही.

तुझे प्रश्न मी विद्यापीठाला विचारले. साठ टक्के मिळाले तर जागा लेखी पक्की. आठवड्यातले दोन दिवस लॅब. गणित खूप. तरी काल मी होकार पाठवला. वर्ष वाया जाईल की नाही, मला माहीत नाही. गेलं तर या वेळी मी घालवलेलं असेल. सप्टेंबरपर्यंत रोज एक तास व्हिडिओवर गणित शिकवशील का? प्लीज.

केमिस्ट्री बाबा शिकवतात. ड्यूटीवरून आले की चहासुद्धा न घेता बसतात. मला कळलं नाही तर तीनतीनदा सांगतात, आवाज चढवत नाहीत. लहानपणी पाढे चुकले तरी केवढे ओरडायचे! परवा मी सलग चार वेळा तेच चुकले, तरी ते हळूच पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. मी त्यांना म्हटलं की बाबा, ओरडा ना माझ्यावर. ते पाणी पिऊन येतो म्हणून उठले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

माझ्यावर जेवढी माया आहे, तेवढीच सध्या त्यांच्यावरही असू दे.

तुझी,
रेवा