इन्स्पेक्टर बाई आणि रुबीनाचा अर्ज

बुध., २५ सप्टें. २००२
टीव्हीवर ‘तिसरी कळ’ मालिकेचा पाचवा भाग झाला. वीज टिकली, नशीब. शेजारच्या काकू आमच्याकडेच बसून बघतात. त्यात मी इन्स्पेक्टर मृणाल राजे, कॉम्प्युटरवरचे गुन्हे शोधणारी. वीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, हौशी नाटकात मेले-जगले, आणि हे काम आलं पंचेचाळिशीला.
काकू म्हणाल्या, “बोलतेस झकास गो, पण त्या यंत्रावर बोटं पेटी वाजवल्यासारखी फिरवतेस.”
खरंच आहे. सेटवरचा कीबोर्ड कशालाच जोडलेला नाही. अरविंद इतका हसला की… नवरा असून!

शनि., २८ सप्टें.
मुंबई. दोन दिवसांची रजा, हेडसरांचं तोंड वाकडं. निर्मात्याचं चित्त थाऱ्यावर नाही, जाहिराती मिळत नाहीत म्हणे. सेटवर कॉम्प्युटर खरोखर कळणारा एकच, लेखक नचिकेत. पोरगा हुशार, दाढी अस्ताव्यस्त. मला म्हणाला, “मॅडम, तुम्ही संशयितांकडे असं बघता की त्यांचा गृहपाठ राहिलाय.”

मंगळ., १ ऑक्टो.
शाळा सुटताना फाटकाशी रुबीना. दहावीला माझ्या वर्गात होती, राजिवडा मोहल्ल्यातली. आता एकवीस. शिंप्याकडे जाते सांगून घरातून निघालेली.
जानेवारीत निकाह ठरलाय. मुलगा सलीम, मस्कतला नोकरीला. गेला महिनाभर कोणीतरी रुबीनाच्या नावाने त्याला ई-मेल पाठवतंय. माझं दुसऱ्यावर मन आहे, तू मला नको, आणि पुढे नको नको ते. सलीमच्या आईचा फोन आला, तेव्हापासून हिचे अब्बा हिच्याशी बोलत नाहीत.
“माझा ई-मेलच नाही, बाई. मी उघडलाच नाही कधी.”
मग म्हणाली, “तुम्ही पकडता ना असल्यांना? माझ्यासाठी पण पकडा ना.”
काय सांगू हिला! म्हटलं, अगं, ते सगळं लिहून दिलेलं असतं, मी पाठ करते. तिचा चेहरा उतरला. तशी परत पाठवणं जिवावर आलं. बघते म्हटलं. काय बघणार, देव जाणे.

गुरु., ३ ऑक्टो.
नचिकेतला फोन. प्रत्येक मेलच्या पोटात तो कुठून निघाला त्याचा नंबर असतो, म्हणाला. सलीमने काही पुसू नये, सगळं छापून पाठवावं. आणि पोलिसांत अर्ज.
संध्याकाळी रुबीनाच्या घरी गेले. अब्बा मासेमारीच्या लाँचवर तांडेल, म्हणजे कप्तानच, दर्यात कोणाच्या बापाला न भिणारा माणूस, पण माझ्याकडे वर बघेना. अर्धा तास मीच बोलले. शेवटी अब्बा म्हणाले, “पोरीचा नाव पोलिसात?”
म्हटलं, नाव तर मस्कतपर्यंत गेलंच आहे. निदान खरं काय ते तरी मागून जाऊ दे.
सलीमला फोन त्यांनीच लावला.

मंगळ., ८ ऑक्टो.
सलीमचे फॅक्स आले, अकरा पानं. म्हणजे मुलगा अजून तुटलेला नाही.
अब्बा, रुबीना, मी, तिघं पोलीस ठाण्यात. मला बघून एक तरुण शिपाई उठून उभा, “मॅडम, ही केस तर तुमच्याच खात्याची!” दोघंतिघं हसले. रुबीनाची मान खाली.
आतल्या टेबलावरचे सावंत जमादार उठले, पिकल्या मिशांचे. स्वतः खुर्ची ओढली. “बस गो पोरी. पहिल्यापासून सांग.”
अकराही पानं वाचली, अर्ज स्वतःच्या हाताने लिहून घेतला. “आमच्याकडे कॉम्प्युटर एक, तोपण झाकलेला. पण नंबर म्हणता ना, तो कोणाचा ते टेलिफोनवाल्यांकडून काढू.” रुबीनाने सही केली.

गुरु., १० ऑक्टो.
नचिकेतचा फोन. मालिका बंद. कालचा सातवा भाग शेवटचा. चॅनलने दोन ओळींचं पत्र धाडलं म्हणे.
“गुन्हेगार कोण होता रे?” मी विचारलं.
“ठरवलं नव्हतं अजून, मॅडम.”
हसायचं होतं, रडू आलं. अरविंदने बांगडे तळले आपणहून. बरं केलंन.

बुध., १६ ऑक्टो.
दुपारी सावंत शाळेत. नंबर एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेचा निघाला. “तुम्ही चला, बाई. मला तो दाद देणार नाही, तुम्हाला देईल.”
दिलीन! मला बघताच कॅफेवाला ताठ. मालिका बंद झाल्याचं त्याला ठाऊक नसावं. रजिस्टर पुढे केलंन. सलीमच्या पानांवरच्या तारखा, वेळा लावून पाहिल्या. प्रत्येक वेळी एकच नाव, ‘स्नेहा पाटील’. खोटंच असणार.
पण अक्षर.
तो ‘ह’, खाली शेपूट लांबवलेला. तीन वर्षं त्यावर लाल शाईने गोल केलेत मी. नसरीन. रुबीनाची चुलत बहीण. एका बाकावर बसायच्या.
सावंत म्हणाले, “काय, ओळखीचं वाटतं?”
“नाही.”
का म्हणाले मी नाही?

गुरु., १७ ऑक्टो.
सहामाहीचे पेपर पुढ्यात, एकही तपासला नाही. अरविंदला सांगितलं. तो म्हणाला, “दोघी तुझ्याच पोरी.” एवढंच. सावंतांशी खोटं बोलले, तेही सलतंय. चांगला माणूस.

शनि., १९ ऑक्टो.
नसरीनकडे गेले. घरात एकटीच होती. मी म्हटलं, “तुझा ‘ह’ अजून सुधारला नाही गो.” तिला लगेच कळलं.
रडली नाही. ओढणीचं टोक पिळत सांगितलंन. सलीमचं स्थळ आधी हिच्यासाठी आलं होतं. बघायला आले नि रुबीना आवडली त्यांना. “मीच चहा दिला होता, बाई. तीपण बसली होती बाजूला.”
“म्हणून असलं लिहायचं?”
“पहिलं एकच लिवायचं होतं. मग थांबताच येईना.”
पोलिसांना सांगणार का, विचारलंन. म्हटलं, सोमवारपर्यंत तू स्वतः रुबीनाला सांग. नाहीतर मंगळवारी मी सावंतांकडे जाणार. हे बरोबर केलं की… माहीत नाही.

मंगळ., २२ ऑक्टो.
रुबीना आली, डोळे सुजलेले. नसरीनने काल सांगितलं. अब्बांना अजून कोणी बोललेलं नाही. शुक्रवारी सलीमचा फोन येणार.
“सलीमला खरं सांगायचं तर तिचं नाव सांगावं लागणार. मग तिला कोण करून घेईल, बाई?”
डोळे पुसून पुढे म्हणाली,
“आणि नाही सांगितलं तर माझं…”
मग, “अर्ज मागे घेता येतो?”
“सही तुझी आहे. तू म्हणशील तशी मी सोबत येईन. आणि सावंतांशी मी खोटं बोलले, ते मला त्यांना सांगायचंच आहे.”
तिने पाणी मागितलं. प्यायली. चपला घालताना म्हणाली, “उद्या अकरा वाजता ठाण्यापाशी या.”
काय ठरवलंस, ते विचारलं नाही. हेडसरांकडे अर्ध्या दिवसाची रजा टाकली.