अव्वाचं मॉडेल

मैंदर्गी,
१८ जून २०२५

प्रिय विरेश,

हाताने घडवणाऱ्या आपल्यासारख्यांचं दुखणं जुनं आहे: घडवतो एक, मिरवतो दुसरा. अप्पांनी जन्मभर साच्याशिवाय मातीचे बैल केले आणि बाजारात साच्यातले बैल आधी खपले. जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये कॉम्प्युटरवर माणसं घडवता घडवता तूही हेच म्हणायचास. लोक नेटवरून तयार थ्रीडी मॉडेल उचलतात, रंग बदलतात, आपलं म्हणून दाखवतात. त्यावर मी सभा गाजवल्या. दुसऱ्याच्या चुलीवरची भाकरी आपली म्हणून वाढणारे, असं त्यांना म्हणाले आणि टाळ्या घेतल्या.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. इकडे सगळं ठीक. तूर पेरून झाली. अव्वाच्या गुडघ्याचं औषध चालू आहे. जेवते बरी.

गेल्या आठवड्यात समोरचा किराणावाला धुळाप्पा मोबाईल नाचवत अव्वाकडे आला. "चंद्रव्वा, तुमी गेममदी आलाय की!"

मला थट्टा वाटली. बघते तर पडक्या घरातून एक हडळ धावत येत होती. पांढरे डोळे, लांब सुळे, हातात कोयता. आणि कान आपल्या अव्वाचा, आपल्या आईचा! जड दागिन्यांनी फाटलेली तीच पाळी, हनुवटीवरचं तेच गोंदण.

अव्वानं मोबाईल डोळ्यांजवळ धरला. "अय्यो, माजे तर दोनच दात ऱ्हायल्यात. हिला एवढे कुटनं आले?"

धुळाप्पा खो खो हसला. मीही हसणार होते, तेवढ्यात अव्वाचा हात स्वतःच्या गळ्याकडे गेला. हडळीच्या गळ्यात इष्टलिंगाची चांदीची पेटी होती.

गेमवाल्यांनी लुगडं बदललं, केस बदलले, डोळे बदलले. पेटी तेवढी त्यांना काढता आली नाही. का, ते तुला ठाऊक आहे. मैंदर्गीवरच्या तुझ्या फिल्मसाठी हे मॉडेल केलंस, तेव्हा तूच किती अभिमानानं दाखवलं होतंस. "अक्का, पदर वेगळा, बांगड्या वेगळ्या, पण पेटी अंगातच घडवलीय. अव्वाच्या अंगावरून ती कधी उतरते व्हय?" एकदा धारण केलेलं लिंग मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नाही, ही आपली लिंगायतांची रीत तू कॉम्प्युटरमध्येसुद्धा पाळलीस. मग फिल्म बारगळली आणि तेच मॉडेल तू विकायला ठेवलंस!

मी जाब विचारल्यावर आलेला तुझा मेसेज मी दहा वेळा वाचला. "अक्का, मॉडेल विकलं, अव्वा नाही. मीपण दुसऱ्यांची झाडं, घरं विकत घेतोच की." घे बाबा. झाडाला गल्लीतली पोरं हडळ म्हणून हाका मारत नाहीत.

एवढी व्याख्यानं झोडली, पण तयार मॉडेल येतं कुठून, हे मी कधी विचारलंच नाही. जणू ते झाडाला लागतं! कुणीतरी ते जीव लावून घडवलेलं असतं, हे मला त्या सुळ्यांकडे बघताना कळलं, आणि ते घडवणारा, विकणारा तूच, यावर अजून माझा विश्वास बसत नाही.

जेवते बरी, असं वर लिहिलं. ते खोटं आहे. दोन घास खाते आणि उठते. बाजारात जात नाही, मठातही नाही. बायका गळ्याकडं बघतात म्हणते. काल पूजेला बसली, पण पेटी उघडलीच नाही. नुसती मुठीत धरून बसून राहिली. अव्वाला असं मी अप्पा गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी एकदम म्हणाली, "सिद्धू, ज्यानं हे केलं, त्यो माज्या लई जवळ बसला असणार. त्याबिगर कानाची पाळी अशी जमत न्हाय."

"असंल कुणी तरी," मी म्हणाले. मी, जिला माईक सोडवत नाही, मला एवढंच बोलता आलं. तिनं पुढं विचारलं नाही. विरेश, तिला कळलंय. माझ्या तोंडून तुझं नाव ऐकायची तिची इच्छा नाही.

मॉडेल नेटवरून काढून टाकलंस, बरं केलंस. पण विकल्या गेलेल्या प्रती परत येत नाहीत, हे तू माझ्यापेक्षा चांगलं जाणतोस. तुझी कारणं, तुझे मेसेज मला नकोत. येत्या रविवारी सकाळच्या एसटीनं मैंदर्गीला ये, अव्वासमोर बस आणि तिच्या तोंडाकडे बघून सांग: "अव्वा, हे मी केलं."

रागावलेली, तरी तुझीच,
सिद्धेश्वरीअक्का