सासूबाईंचा अभंग आणि रेडिओची घरघर

५ जाने., सोम.
पणजी आकाशवाणीहून फोन. आईंचा (सासूबाईंचा) अभंग रविवारी सकाळी आठला रेडिओवर! बाहत्तराव्या वर्षी पहिल्यांदाच. ह्यांनी पेडण्याहून नवे सेल आणून जुना ट्रान्झिस्टर लावला, तर नुसती घर्रर्र. माणसाचा आवाज म्हणून नाही. म्हटलं, मोबाइलवर ऐकू. "मोबाइलार कोणय गाता गो! रेडिओर येवक नशीब लागता." तोंड एवढंसं झालं त्यांचं.

६, मंगळ.
हे म्हणाले, शेजारच्या शैलावहिनींचा नवा इन्व्हर्टरच असणार. मी तावातावाने गेले. बिचारीने लगेच बंद केला. इकडे घरघर तशीच! वर तिनेच ताजे पाव हातावर ठेवले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

८, गुरु.
रेडिओ कडेवर घेऊन घरभर फिरले. फ्रिज गरीब. मोबाइलचा चार्जर मेला कटकट्या, उपटला. टीव्हीचा डबा थोडा चिरचिरतो. देवघरापाशी गेले आणि रेडिओ किंचाळलाच! देवांवरची एलईडीची माळ. आईंनीच फोंड्याच्या जत्रेतून आणलेली, रात्रंदिवस पेटती. हे ती विझवायला गेले तर आई आडव्या. "देवाचो दिवो हातान पालवू नये!"
समई लावते म्हटलं. तरी नाही. राग आला, आणि वाईटही वाटलं. ऐकायचंय तर त्यांनाच सगळ्यात जास्त.

११, रवि.
आठ वाजत आलेले. सगळे ट्रान्झिस्टरभोवती, शैलावहिनीसुद्धा. घर्रर्र चालूच. आई उठल्या, व्हरांड्यात गेल्या. खट्! पंखा थांबला, माळ विझली, घरघर गप्प. पदराला हात पुसत परत येऊन बसल्या.
"लायट गेली."
समोर शैलावहिनींनी इन्व्हर्टर बंद ठेवलेला, तरी त्यांच्या पडवीतला बल्ब लख्ख पेटलेला. ह्यांनी गुपचूप रेडिओचा आवाज वाढवला.
मग आईंचा आवाज आला. स्वच्छ. टाळसुद्धा वेगळे ऐकू येत होते. आई पुटपुटल्या, "ही कोण गो, इतक्यां बरां गाता?" ह्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले. मी पुसलेच नाहीत.

१२, सोम.
राहवेना, विचारलंच. "आई, काल मेन स्विच कोणी काढला?"
देवांना फुलं घालत होत्या. मान वर नाही. "लायट गेली म्हटलां मां?"
लबाड बाई! इतक्या वर्षांत एवढी आवडली नव्हती मला.
दुपारी पुन्हा पणजीचा फोन. पुढच्या महिन्यात आणखी एक अभंग लावणार. आई लगबगीने कालनिर्णयाची पानं उलटायला लागल्या. मग हळूच माझ्याकडे बघून,
"त्या दिसाय लायट जातली मां गो?"